मुलाखत छान झाली, तर जपून: विरोधी चळवळींचा अभ्यास स्त्रीवादी पद्धतीनं कसा करायचा

स्त्रीवादी संशोधनपद्धती शिकताना पहिल्याच आठवड्यात कानावर पडतं: ज्यांचा आवाज दाबला गेला आहे त्यांना बोलतं करा, त्यांच्याशी नातं जोडा, आपल्या हातातली सत्ता वाटून घ्या. हे सगळं मनाशी धरून एखादी विद्यार्थिनी स्त्रीहक्कांच्या विरोधात काम करणाऱ्या संघटनेच्या कार्यकर्तीसमोर जाऊन बसते आणि पहिल्या दहा मिनिटांत तिची पंचाईत होते. समोरच्या बाईचा आवाज दबलेला नाही, माईक तिच्याच हातात आहे. नातं जोडायला ती उलट जास्तच उत्सुक आहे. आणि सत्ता वाटून घ्यायची म्हणजे नेमकी कुणाची, कुणाला?

अ‍ॅन ओकली यांनी १९८१ साली लिहिलं, की प्रश्न विचारायचे पण आपण स्वतः काहीच सांगायचं नाही, ही कोरडी मुलाखतपद्धत स्त्रीवादाला शोभत नाही. त्या आई होणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेत होत्या आणि तिथं ते अगदी खरं होतं. पुढं १९८८ साली ज्युडिथ स्टेसी यांनी दुखरी बाजू दाखवली: जवळीक जितकी जास्त, तितका विश्वासघाताचा धोकाही जास्त. ज्यांच्याशी आपलं मुळातच पटत नाही, त्यांच्या बाबतीत हा पेच दुप्पट होतो. माझं मत असं, की अशा अभ्यासात स्त्रीवादी पद्धतीतली जवळीक बऱ्यापैकी बाजूला ठेवावी लागते. मात्र बाकीचं सगळं, म्हणजे आपली जागा तपासणं, सत्तेचा हिशोब ठेवणं, भावना टिपून ठेवणं आणि आपण कुणाला जबाबदार आहोत हे आधीच ठरवणं, नेहमीपेक्षा जास्त लागतं. ते प्रत्यक्षात कसं करायचं, ते पायरीपायरीनं सांगते.

पायरी १: प्रश्न दुरुस्त करा

पहिल्या मसुद्यातला प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: 'या बायका स्वतःच्याच हिताविरुद्ध का वागतात?' यात उत्तर आधीच भरून ठेवलं आहे. त्यांचं हित कशात आहे ते मला कळतं, त्यांना कळत नाही, असं गृहीत धरून निघालेला संशोधक तेवढंच शोधून परत येतो.

कॅथलीन ब्ली यांनी अमेरिकेतल्या वर्णद्वेषी गटांमधल्या ३४ सक्रिय स्त्रियांच्या जीवनकहाण्या गोळा केल्या. त्यांतून दिसलं, की सगळ्या काही गरीब, अडाणी किंवा पिचलेल्या नव्हत्या. अनेकींच्या बाबतीत क्रमच उलटा होता: आधी ओळखीच्या कुणाबरोबर त्या गटात गेल्या आणि कडवे विचार तिथं गेल्यावर पक्के झाले. म्हणजे 'कोणत्या विचारानं तुम्हाला इथं आणलं?' हा प्रश्नच चुकीच्या दारावर थाप मारतो. 'पहिल्यांदा कुणाबरोबर आलात?' हा प्रश्न दार उघडतो.

'का'चं 'कसं' करून पाहा. 'या स्त्रिया समानतेला विरोध का करतात?' याऐवजी 'या संघटनेत स्त्रिया कोणती कामं करतात, ती कशी वाटली जातात आणि त्या कामाबद्दल त्या काय बोलतात?' असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आधीपासून ठाऊक नसतं. प्रश्न चांगला आहे की नाही, हे ओळखायची माझी हीच कसोटी.

जमत असेल तर दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारा. क्रिस्टिन लूकर यांनी कॅलिफोर्नियात गर्भपाताच्या बाजूच्या आणि विरोधातल्या दोनशेहून अधिक कार्यकर्त्यांशी बोलून १९८४ साली मांडणी केली. गर्भाच्या वादाखाली मातृत्वाला किती मोल द्यायचं हा वाद आहे आणि तो दोन्हीकडच्या बायकांच्या आयुष्यांच्या घडणीतून येतो, हे त्यांना दिसलं. फक्त 'त्या' बाजूला गेल्या असत्या, तर हे हाती लागणं कठीण होतं.

याच टप्प्यावर एक वाक्य पूर्ण करा: 'ही चळवळ ______ यांना ______ या प्रकारे इजा करते.' रिकाम्या जागा भरता येत नसतील, तर 'विरोधी' हा शब्द तुम्ही फक्त स्वतःच्या नावडीसाठी वापरताय. आणि भरता आल्या, तर पहिल्या जागेतली माणसं लक्षात ठेवा. मुलाखतीच्या खोलीत ती नसतील, पण तुमचं उत्तरदायित्व त्यांच्याशी आहे. पुढं मी त्यांना 'खोलीबाहेरची माणसं' म्हणणार आहे.

पायरी २: आपण कुठून बघतोय ते लिहा

डॉना हॅरावे यांनी १९८८ साली सांगितलं, की ज्ञान कुठून तरी, कुणाच्या तरी डोळ्यांनीच घेतलं जातं. कुठूनच न बघता सगळं बघणारी नजर नावाची गोष्ट नसते. सँड्रा हार्डिंग यांनी त्याला जोड दिली: संशोधकाची स्वतःची जागाही तपासणीखाली आणली, तर वस्तुनिष्ठता घटत नाही, उलट वाढते. आपल्याकडे शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची (समाजातल्या आपल्या जागेवरून जग बघण्याच्या दृष्टीची) मांडणी करताना दाखवलं, की भूमिदृष्टी जन्मानं आयती मिळत नाही, ती कमवावी लागते, आणि तसं करताना स्वतःला बदलावंही लागतं. हे सगळे परीक्षेत लिहायचे मुद्दे वाटतात. विरोधी चळवळीच्या दारात उभं राहिलं, की त्यांचा रोकडा उपयोग कळतो.

ब्ली यांचाच दुसरा अनुभव घ्या. १९२० च्या दशकात इंडियाना राज्यात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांचं वर्चस्व मानणाऱ्या संघटनेत असलेल्या वृद्ध स्त्रियांना त्या भेटल्या. आपलं यांच्याशी जमणार नाही, अशी त्यांची अटकळ होती. प्रत्यक्षात गप्पा सहज रंगल्या. आपली मतं वेगळी आहेत हे ब्लींनी सांगितलं, तरी फरक पडला नाही. समोर बसलेली गोरी बाई मनातून आपलीच असणार, असं त्या आज्या धरून चालल्या होत्या. हे दार ब्लींच्या कौशल्यानं नव्हे, त्यांच्या कातडीच्या रंगानं उघडलं होतं.

म्हणून क्षेत्रकार्याआधी एक पान लिहा, त्यावर तारीख घाला आणि ते बाजूला ठेवा. त्यात एवढं असू द्या: माझं कोणतं रूप (रंग, धर्म, नाव, बोलण्याची ढब, वय, लग्न झालंय की नाही) मला इथं आत घेईल? कोणतं बाहेर ठेवेल? कोणती गोष्ट लपवायचा मला मोह होईल? मला मनातून काय सिद्ध करायचं आहे? कोणतं उत्तर ऐकायला मला त्रास होईल? सहा महिन्यांनी हे पान काढून वाचा. चौथ्या प्रश्नाचं उत्तर आणि तुमचा निष्कर्ष शब्दाशब्दांत जुळत असेल, तर थांबून पुन्हा बघायला हवं.

तुम्ही स्वतःच खोलीबाहेरच्या माणसांपैकी असाल, तर समोरासमोर मुलाखती घ्यायचा हट्ट धरू नका. 'धैर्य दाखवलं' हा काही पद्धतीचा गुण नाही. दस्तावेजांवर, जाहीर भाषणांवर उत्तम काम करता येतं. गटानं काम करत असाल, तर आत जाऊ शकणारी व्यक्ती मुलाखत घेईल आणि अर्थ मात्र सगळ्यांनी मिळून लावायचा, अशी वाटणी करा. आत जाणाऱ्या व्यक्तीला जे 'साधं बोलणं' वाटतं, त्यातली धमकी बाहेरच्या व्यक्तीला लगेच ऐकू येते.

पायरी ३: दुरून जवळ या

मुलाखत हे शेवटचं साधन समजा. आधी संघटनेचं छापील साहित्य, पत्रकं, घोषणा, गाणी, जाहीर भाषणं. मग जाहीर कार्यक्रमांचं निरीक्षण. मग सोडून गेलेले लोक. आणि मग आजचे कार्यकर्ते. प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा, माझ्या प्रश्नाचं उत्तर इथंच मिळतंय का? मिळत असेल तर पुढं जाऊ नका.

जाहीर कार्यक्रमात व्यासपीठाकडे कमी आणि कडेला जास्त बघा. खुर्च्या कोण मांडतं, नोंदणीच्या टेबलावर कोण बसतं, लहान मुलं कुणाच्या मांडीवर आहेत, माईक कुणाकडून कुणाकडे जातो, फोटो काढताना कोण मागं सरकतं. लिंगभावाबद्दल भाषणात जे येत नाही, ते या हालचालींत असतं.

सोडून गेलेल्यांबद्दल एक इशारा. त्यांच्याशी बोलणं सोपं असतं, कारण ते आपल्याला हवं तेच बोलतात. पण 'मी आंधळी होते, मग माझे डोळे उघडले' ही एक तयार झालेली कथा असते. अनेकदा सांगून ती गुळगुळीत झालेली असते. आत असताना तिला काय आवडायचं, हेही विचारा. तिथं ती अडखळेल, आणि खरी माहिती त्या अडखळण्यात असते.

ऑनलाइन मजकुराचं थोडक्यात: 'जाहीर आहे म्हणजे वापरायला मोकळं' हे पुरेसं नाही. इंटरनेट संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००२ पासून प्रसिद्ध केलेल्या आचारसूचनांचा रोख असाच आहे, की सरसकट नियमापेक्षा संदर्भ बघून निर्णय घ्यावा. मोठ्या नेत्याचं भाषण आणि वीस अनुयायी असलेल्या मुलाची रात्री दोनची पोस्ट एकाच मापानं मोजू नका. दुसरी जशीच्या तशी उद्धृत केली, तर शोधयंत्रात टाकून कुणीही त्याच्यापर्यंत पोचेल. तिथं आशय आपल्या शब्दांत सांगा. जे वापरणार आहात ते आजच तारखेसह जतन करा, कारण असा मजकूर गायब व्हायला वेळ लागत नाही.

पायरी ४: स्वतःबद्दल किती सांगायचं

छुप्या ओळखीनं आत शिरण्याच्या मी विरोधात आहे. अपवाद असतील, पण पहिलंच संशोधन करणाऱ्यानं तो विचार सोडून द्यावा. नैतिक कारण तर आहेच. व्यवहारातलं कारण असं, की खोटं उघडं पडलं तर राग तुमच्यावर निघतो आणि तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला दार बंद होतं.

पण सगळं पहिल्या वाक्यातच ओतायचीही गरज नाही. सांगायचा मजकूर आधी लिहून, मोठ्यानं म्हणून बघा. माझा साधारण असा असतो: 'मी राजकीय संघटनांमधल्या स्त्रियांच्या कामाचा अभ्यास करते. तुमच्या संघटनेच्या काही भूमिका मला पटत नाहीत, तुम्हालाही माझ्या पटणार नाहीत. मला तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत समजून घ्यायचं आहे. मी जे लिहीन त्याच्याशी तुम्ही सहमत व्हालच असं नाही, पण तुम्ही जे बोललात ते मी बदलणार नाही.' यात खोटं काही नाही, वाद नाही आणि मैत्रीचं आश्वासनही नाही. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण तेवढंच वचन तुम्ही खात्रीनं पाळू शकता.

वचनांबाबत फार जपून राहा. बॉस्टन कॉलेजनं २००१ पासून उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. तुम्ही हयात असेपर्यंत हे बाहेर येणार नाही, अशी बोलणाऱ्यांची समजूत करून दिली होती. २०११ साली ब्रिटिश पोलिसांच्या तपासासाठी अमेरिकेत समन्स निघालं, न्यायालयीन लढाई झाली आणि काही मुलाखती पोलिसांच्या हाती गेल्या. दुसऱ्या टोकाला रिक स्कार्स. जहाल पर्यावरणवादी आणि प्राणिमुक्ती चळवळींचा अभ्यास करणाऱ्या या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानं आपल्या माहितीदारांबद्दल बोलायला नकार दिला आणि १९९३ साली अमेरिकेत १५९ दिवस तुरुंगात काढले. 'सगळं गुप्त राहील' हे वाक्य उच्चारण्याआधी स्वतःला विचारा: यातलं किती माझ्या हातात आहे? त्यापेक्षा असं सांगा: 'तुमचं नाव मी कुठं लिहिणार नाही. पण न्यायालयानं मागितलं तर मला संरक्षण असेलच असं नाही. घडलेल्या किंवा ठरवलेल्या गुन्ह्याबद्दल मला काही सांगू नका.' हे ऐकून काहीजण बोलणार नाहीत. चालेल.

पायरी ५: सुरक्षा

हा भाग प्रस्तावात परिशिष्टात ढकलला जातो. तो आधी करायचा असतो.

संशोधनासाठी वेगळा फोन नंबर आणि वेगळा ईमेल घ्या, तेही पहिल्या संपर्काआधी. घरचा पत्ता, मुलांचे फोटो, आई-वडिलांची खाती यांतलं काय उघडं आहे, ते एखाद्या मित्राला तासभर शोधायला लावा. आपल्याला आपलं उघडं पडलेलं दिसत नाही. भेट सार्वजनिक जागी, दिवसा. कुठं जाताय आणि किती वाजता फोन करणार आहात हे एकाच ठरलेल्या व्यक्तीला माहीत असावं आणि फोन आला नाही तर तिनं काय करायचं, हेही तिला लिहून दिलेलं असावं. जायची गाडी स्वतःची ठरवा, मुलाखत देणाऱ्याच्या गाडीत बसू नका.

नावं आणि मुलाखती एकत्र ठेवू नका. मुलाखतीवर फक्त क्रमांक, नावांची यादी वेगळ्या सांकेतिक कुलुपाखाली. शब्दांकन झालं आणि तपासलं, की मूळ ध्वनिमुद्रण कधी पुसायचं याची तारीख आधीच ठरवा. ती तुमच्या संमतीपत्रात आणि संस्थेच्या नियमांत बसते का, ते बघा.

आणि थांबायची रेघ आधी आखा. 'दोन धमक्या आल्या तर', 'घरच्यांपर्यंत पोचले तर', 'सलग आठवडाभर झोप लागली नाही तर' मी काम थांबवीन, असं लिहून मार्गदर्शकाच्या हाती द्या. ऐन वेळी आपण 'अजून एकच मुलाखत' म्हणत राहतो. २०१४ च्या गेमरगेटनंतर (व्हिडिओ गेमच्या जगातल्या बायकांना ऑनलाइन छळणारी मोहीम) ऑनलाइन छळाचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली आहे: या छळाचा भार बायका आणि अल्पसंख्य संशोधकांवर जास्त पडतो, तेव्हा जबाबदारी संस्थेनं उचलायला हवी. तुमच्या विभागप्रमुखांना काम सुरू होण्याआधी लेखी विचारा: माझ्याविरुद्ध शंभर ईमेल आले, तर ते कोण वाचणार? उत्तर 'बघू' असेल, तर तेही तारखेसह नोंदवून ठेवा.

पायरी ६: मुलाखत

मतांपासून सुरुवात केली, की पत्रक ऐकायला मिळतं. 'तुमची भूमिका काय?' म्हटलं, की समोरची व्यक्ती ताठ बसते आणि संघटनेच्या भाषेत बोलू लागते. ब्ली यांनी याच कारणासाठी श्रद्धांबद्दलचे प्रश्न मागं ठेवून जीवनकहाणीपासून सुरुवात केली. आयुष्य सांगताना माणूस घोषणा द्यायचा विसरतो.

काही प्रश्न जे माझ्या उपयोगी पडले आहेत:

'पहिल्यांदा गेलात तो दिवस आठवतो का? सोबत कोण होतं? परत आल्यावर घरी काय झालं?'
'तुमच्या आठवड्यातला किती वेळ यात जातो? तो आधी कशात जायचा?'
'संघटनेत तुम्हाला न आवडलेलं एखादं काम?'
'कुणाशी बोलणं तुटलं का यामुळं?'
'तुमच्या मुलीनं हेच करावं असं वाटतं?'

शेवटचा प्रश्न शेवटीच. सगळ्यांत प्रामाणिक उत्तरं त्यालाच मिळतात आणि सगळ्यांत लांब शांतताही. ती शांतता भरून काढू नका.

आता अवघड भाग. समोरची व्यक्ती सहज, हसत हसत एखाद्या समूहाबद्दल घाण बोलते. वाद घातला तर मुलाखत संपली, गप्प बसलात तर संमती दिल्यासारखं. मी स्वतःची एक जुनी मुलाखत ऐकत होते. अशा प्रत्येक वाक्यानंतर माझा आवाज येत होता: 'हं... हं...' मी ऐकतेय एवढंच मला म्हणायचं होतं. ऐकणाऱ्याला वाटेल, मी पाठ थोपटतेय. तेव्हापासून तिथं 'हं' बंद. त्याऐवजी: 'म्हणजे कसं?', 'असं प्रत्यक्ष कधी पाहिलंत?', 'हे पहिल्यांदा कुणाकडून ऐकलंत?' हे प्रश्न सहमतीही दाखवत नाहीत, भांडणही उकरत नाहीत. बोलणाऱ्याला घोषणेवरून अनुभवाकडे यावं लागतं आणि अनेकदा तिथं अनुभव निघतच नाही. ती बाई क्षणभर थांबते आणि म्हणते, 'पाहिलं नाही, पण सगळे सांगतात.' हे वाक्य तुमच्या विश्लेषणातलं सोनं आहे. मात्र बोलणं कुणा ठरावीक माणसाला इजा करण्याकडे वळलं, तर रेकॉर्डर बंद करून उठायचं. तिथं संशोधन संपतं.

तुमचं मत विचारलं, तर सांगा. एका वाक्यात, नरम आवाजात. 'मला तसं वाटत नाही, पण आज मी तुमचं ऐकायला आलेय.' लपवाछपवी केलीत, की पुढच्या प्रत्येक प्रश्नात तुमचा आवाज बदलतो.

पश्चात्तापाची वाट बघू नका. क्लॉडिया कून्झ या इतिहासकार नाझी स्त्री-संघटनेच्या प्रमुख गेरट्रूड शॉल्ट्झ-क्लिंक यांना युद्धानंतर काही दशकांनी भेटल्या, तेव्हा समोर ओशाळलेली बाई नव्हती, आपल्या कामाचा अभिमान असलेली होती. अशा वेळी मुलाखत आणि अभिलेख शेजारीशेजारी ठेवून वाचायचे. ती काय सांगते आणि त्या काळचे कागद काय सांगतात, या दोहोंमधलं अंतर हीच तुमची सामग्री.

पायरी ७: त्याच रात्री टिपणं

परत आल्यावर झोपायच्या आधी चार रकान्यांचं टिपण करा: काय घडलं. मला काय वाटलं. मला काय दिलं गेलं (कौतुक, वेळ, 'तू आमच्यासारखीच आहेस' हे वाक्य). आणि चौथा, खोलीबाहेर कोण होतं, म्हणजे आजच्या बोलण्याची किंमत कोण मोजतं.

दुसऱ्या रकान्यात भीती लिहायला लाजू नका. ब्ली यांनी स्वतःची भीती विश्लेषणात आणली, कारण या गटांचा आपल्या सदस्यांवरचा ताबाही काही अंशी भीतीतूनच चालतो. त्यामुळं संशोधकाला जे वाटतं, त्यातून आतल्या वातावरणाची चाहूल लागते. पण माझ्या अनुभवात भीतीपेक्षा अवघड नोंद दुसरीच असते: 'मला ती आवडली.' ती विनोदी होती, तिनं माझी चौकशी केली, मला थकलेली बघून लवकर सोडलं. हे लिहून काढलं नाही, तर ते लेखणीत झिरपतं आणि तुम्ही तिचं वाक्य थोडं मऊ करून लिहिता. किंवा आपल्याला आवडल्याचा राग येऊन थोडं कठोर करून. चौथा रकाना इथंच कामाला येतो.

पायरी ८: अर्थ लावणं

नमुन्यादाखल मी रचलेला एक उतारा घेऊ:

'आम्हाला काही कमी नाही. आमच्यात बाईला मान आहे. बैठकीत मी बोलते, सगळे ऐकतात. निर्णय अर्थात भाऊ घेतात, ते बरोबरच आहे, जबाबदारी त्यांच्यावर असते. मुलगी विचारते, तू रोज जातेस कुठं? तिला म्हटलं, तुझ्यासाठीच जाते. माझ्या आईला कुठं जायला मिळालं होतं?'

घाईत वाचणारा 'निर्णय भाऊ घेतात' खाली रेघ मारतो, शेजारी 'पितृसत्ता' लिहितो आणि पान उलटतो. चूक नाही, पण अपुरं आहे. सावकाश वाचा. 'काही कमी नाही' हे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणजे तो प्रश्न कुणीतरी तिला आधी विचारलेला आहे. 'अर्थात' हा शब्द बघा. जिथं माणूस 'अर्थात' म्हणतो, तिथं बहुधा एक वाद पुरलेला असतो. आणि शेवटचं वाक्य तर सगळं उलटंपालटं करतं: घराबाहेर पडायची वाट तिला या संघटनेनं दिली. बाईनं घरी राहावं असं सांगणारी चळवळ हिला रोज घराबाहेर काढते. स्त्रीवादी वाचन या विसंगतीपाशी थांबतं, तिला खोटं ठरवायची घाई करत नाही.

मग चौथा रकाना. ज्यांच्याविरुद्ध ती बैठक भरते, ते लोक या उताऱ्यात कुठं आहेत? नाहीत. एकदाही नाहीत. हा ऊबदार मजकूर त्यांना वगळूनच ऊबदार राहतो. माझ्या कोडिंगच्या, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना विषयवार खुणा देण्याच्या, यादीत 'अनुपस्थित कोण' हा एक कायमचा कोड आहे आणि सगळ्यांत जास्त तोच वापरला जातो. 'आम्ही' या शब्दासाठीही वेगळा कोड ठेवा. एकाच मुलाखतीत 'आम्ही' कधी बायका असतात, कधी कुटुंब, कधी अख्खा देश. तो कुठं फुगतो आणि कुठं आक्रसतो, याचा नकाशा काढा.

अर्थ पडताळायला माणसांकडे परत जायचं का? आर्ली हॉकशील्ड लुईझियानात पाच वर्षं टी पार्टी या अमेरिकेतल्या उजव्या चळवळीच्या समर्थकांमध्ये वावरल्या. त्या लोकांना जग कसं जाणवतं, याची एक कथा त्यांनी रचली: आपण रांगेत ताटकळत उभे आहोत आणि कुणीतरी मधेच घुसतंय. ती त्यांनी त्या लोकांनाच ऐकवली आणि 'हो, असंच वाटतं' ही पावती घेतली. पण त्याच पुस्तकाला त्यांनी एक परिशिष्ट जोडलं, ज्यात लोकांचे दावे आकडेवारीशी ताडून पाहिले. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही लागतात. 'तुम्हाला असं वाटतं ना?' हे त्यांना विचारा, 'हे खरं आहे का?' हे बाहेर तपासा. आणि मसुदा दाखवताना नकाराधिकार देऊ नका. तथ्याची चूक दुरुस्त करायचा हक्क त्यांना आहे, निष्कर्ष बदलून घ्यायचा नाही. उलट मसुद्याचे दोनतीन भाग खोलीबाहेरच्या माणसांपैकी कुणाला तरी, त्यांची तयारी असेल तर, मानधन देऊन वाचायला द्या. फुकट वेदना वाचायला लावू नका.

पायरी ९: लिहिणं आणि त्यानंतर

लिहिताना पहिला प्रश्न: माझ्या लेखामुळं हा मजकूर जिथं पोचला नव्हता तिथं पोचेल का? व्हिटनी फिलिप्स यांनी २०१८ साली पत्रकारांना हाच सावधगिरीचा इशारा दिला. एखादी गोष्ट त्या गटाच्या स्वतःच्या वर्तुळाबाहेर गेलेलीच नसेल, तर ती छापून आपणच तिला हवा देतो. म्हणून चिन्हं, घोषणा, दुवे, भरतीची पानं यांपैकी काहीच सजावटीला वापरू नका. शिवी उद्धृत करायची तर तिच्यावाचून विश्लेषण उभं राहत नाही, तेव्हाच, एकदाच. शीर्षकात तर कधीच नाही.

माणूस म्हणून त्यांचं चित्रण करा, पण त्यांच्या कृतीचं परिणामांसह. जिथं तिच्या विनोदाबद्दल परिच्छेद आहे, त्याच पानावर त्या बैठकीत काय ठरलं आणि पुढं कुणाचं काय झालं, ते यायला हवं. वेगळ्या प्रकरणात ढकलाल, तर वाचक विनोद लक्षात ठेवतो.

छापून आल्यावर दोन्हीकडून बोलणी बसतील. एक बाजू म्हणेल बदनामी केली, दुसरी म्हणेल त्यांना फारच समजून घेतलं. दुसरीचं नीट वाचा, त्यात बऱ्याचदा तथ्य असतं.

आणि एखाद्या दिवशी, काम संपून दोन वर्षं झाल्यावर, त्या वेगळ्या नंबरवर मेसेज येईल. मुलाखत दिलेली बाई लिहील: 'कशी आहेस? बऱ्याच दिवसांत आठवण काढली नाहीस.' पुस्तक तिनं वाचलेलं नसेल, किंवा वाचून ती हा मेसेज पाठवत असेल. लगेच उत्तर देऊ नका. जुनी वही काढा, त्या रात्रीचे चारही रकाने वाचा आणि मग दोन ओळींत, खरं तेवढंच लिहा: 'मी बरी आहे. अभ्यास संपला, तुमचा वेळ दिलात त्याबद्दल आभार.' मग नंबर बंद करायचा की नाही, ते थांबायची रेघ आखलेल्या त्या कागदावर आधीच लिहिलेलं असलं म्हणजे बरं पडतं.